पाहणीचा कागद गावात वाचा



आश्रमशाळा उघडायची वेळ झाली. पोरांच्या पत्र्याच्या पेट्या भरून तयार आहेत. पाऊसही दारात आला आहे. आपण सगळ्यांनी आपापली घरं शाकारली, कुजलेला वासा बदलला, कुडाला शेणमाती लिंपली. पण वर्षातले नऊ-दहा महिने आपली पोरं ज्या छपराखाली झोपतात, ते छप्पर कोणी तपासलं? तपासलं असेल तर काय आढळलं? आणि जे आढळलं ते आईबापांना कोणी सांगितलं? या तीन सवालांवर या अंकात लिहायचं आम्ही ठरवलं आहे.

काही साथी म्हणतील, आपलं पत्रक जमिनीच्या लढाईचं, त्यात इमारतीचं काय काम? काम आहे. पाहणी हा शब्द आपल्याला नवीन नाही. जंगलातल्या प्लॉटवर कोण कसतो याची पाहणी होते. गार्ड येतो, राउंड ऑफिसर येतो, टेप धरतात, दोन हात जास्त नांगरलं तर पंचनामा करतात. १९७२ ते १९७८ या काळातली वहिवाट दाखवा, दंडाची पावती दाखवा, असं आपल्याला सांगत असत. पावती नव्हती तर प्लॉट नव्हता. म्हणजे सरकारला पाहणी करता येत नाही असं नाही. चांगली येते. आपल्या विरुद्ध करायची असली की डोंगर चढूनसुद्धा येतात. सरकारने स्वतः बांधलेल्या इमारतीची पाहणी करायची असली की मात्र जीपला डिझेल नसतं.

आपल्याकडून पुरावा मागणाऱ्या सरकारकडे आता आपण पुरावा मागायचा आहे. ही इमारत पोरांच्या डोक्यावर पडणार नाही, याचा पुरावा दाखवा.

आम्ही काय पाहिलं

गेल्या पावसाळ्यात आणि या उन्हाळ्यात आम्ही तरुण साथी आपल्या भागातल्या काही आश्रमशाळांत जाऊन आलो. शाळांची नावं लिहीत नाही. ज्या मास्तरांनी आणि कामाठ्यांनी खोल्या उघडून दाखवल्या, त्यांना त्रास व्हायला नको.

एका शाळेत मुलींच्या खोलीचा स्लॅब खालून सुटला आहे. सळया उघड्या पडल्यात, बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात येतात. दिवसा ती खोली वर्ग आणि रात्री तिथंच सतरंजीवर मुली झोपतात. पोपडे कुठं पडतात ते त्या मुलींना पाठ आहे. तेवढी जागा सोडून त्या अंथरूण टाकतात. म्हणजे पाहणी झालेली आहे. ती चौथीतल्या मुलींनी केली आहे. साहेबांच्या कागदात मात्र लिहिलंय, "किरकोळ दुरुस्ती आवश्यक." आदल्या वर्षीच्या कागदातही तेच, त्याच्या आदल्या वर्षीही तेच. तीन वर्षं तेच वाक्य उतरवून काढलं आहे. खोलीत पाऊल न टाकताही ते लिहिता येतं.

दुसऱ्या एका शाळेत स्वयंपाकघराची भिंत बाहेरच्या बाजूला कलली आहे. तिला बांबूचा टेकू दिलाय. टेकू कोणी दिला? गावातल्या माणसांनी. दुरुस्तीचं काय झालं म्हणून विचारलं तर प्रकल्प कार्यालय बांधकाम खात्याकडे बोट दाखवतं. बांधकाम खातं म्हणतं, निधी आला नाही. शाळा म्हणते, आम्ही पत्र दिलं. तिघांचंही खरं असेल. पण भिंत काही पत्र वाचून सरळ होत नाही.

इमारत एका दिवसात पडत नाही

इमारत पडली की पेपरात येतं, "अचानक कोसळली". आम्ही सांगतो, अचानक काहीही पडत नाही. ती आधी बरीच वर्षं सांगत असते, ऐकणारा नसतो.

स्लॅबमध्ये लोखंडाच्या सळया असतात. सिमेंटचं काँक्रीट त्यांना हवा-पाण्यापासून झाकून ठेवतं. गच्चीवर पाणी साचलं, ओल आत झिरपली, की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीटला ढकलते. आधी बारीक भेग पडते, मग पोपडे सुटतात, मग सळई उघडी पडते आणि आणखी लवकर गंजते. रेती खाडीची असेल आणि गोड्या पाण्याने धुतली नसेल, तर तिच्यातल्या मिठाने हे काम आणखी लवकर होतं. आपल्या जिल्ह्यात खाडीची रेती काही लांब नाही. ती उपसणारे आणि ट्रकमध्ये भरणारे हात कोणाचे आहेत तेही आपल्याला माहीत आहे.

बांधतानाही खोट राहते. पूर्वीच्या स्लॅबचा नेहमीचा माल म्हणजे एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार खडी. आपलीच माणसं घमेली उचलतात. एकाला दोन किती वेळा पडली आणि एकाला चार किती वेळा, हे त्यांना विचारा. ते सांगतील, पण त्यांना कोणी विचारत नाही. शिवाय सरकारी काम मार्च संपायच्या आत उरकायचं असतं, नाहीतर पैसा परत जातो. म्हणजे स्लॅब पडतो फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. नव्या स्लॅबला निदान आठ-दहा दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, तेव्हा तो धरतो. त्याच दिवसांत आपल्या बाया हंडा घेऊन दरीत उतरत असतात. जिथं प्यायला पाणी नाही, तिथं स्लॅबला कोण पाणी मारणार? असा स्लॅब जन्मतःच अशक्त असतो. आपल्या भागातली बाळं जशी.

मग वीस वर्षं त्याच्यावर पाऊस कोसळतो. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. दुरुस्ती होत नाही. फार तर वरून चुना मारतात. साहेब यायच्या आदल्या दिवशी मारलेला चुना ओल झाकतो, तडाही झाकतो. आम्ही तर म्हणतो, ज्या भिंतीला नुकताच चुना लागला असेल ती भिंत आधी बघा.

किल्लारीने काय शिकवलं

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. आपल्या संघटनेनेही धान्य आणि कपडे गोळा करून पाठवले.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. भूकंपाने जमीन हलली. माणसं मेली ती घरांखाली. तिथली घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरं, मधे दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा लांब आडवा दगड बऱ्याच भिंतींत नव्हताच. वर मातीचं माळवद. गळू नये म्हणून त्यावर दरवर्षी मातीचा थर चढत गेलेला. मणामणाचं ओझं. धक्का बसला तशी भिंतीची दोन तोंडं सुटी झाली आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. गावाबाहेर गरिबांच्या पाल्याच्या, गवताच्या झोपड्या होत्या, त्या हलल्या पण त्यांनी माणसं मारली नाहीत.

त्याच भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्येही धक्के बसले होते. जमिनीने इशारा दिला होता. त्या वेळी गावोगाव जाऊन जुन्या घरांची तपासणी केली असती, माळवदावरची माती कमी केली असती, भिंतींचे कोपरे बांधून घेतले असते, तर काही जीव वाचले असते असं आम्हाला वाटतं. हे लातूरच्या लोकांना दोष द्यायला लिहीत नाही. माणूस आपल्या बापजाद्यांच्या घरात विश्वासाने झोपतो. इशारा मिळाल्यावर धावायचं काम ज्यांच्या हाती यंत्रणा आहे त्यांचं.

आपलं कारवीच्या कुडाचं घर हलकं आहे, ते माणसाला चिरडत नाही. पण आपल्याला सांगितलं जातं की तुमचं घर मागासलेलं आणि सिमेंटचं म्हणजे विकास. आम्ही सिमेंटच्या विरुद्ध नाही. पोरांना पक्की शाळा पाहिजेच. पण पक्कं म्हणजे काय, हे कागदावर ठरत नाही. ज्याची देखभाल होत नाही ते पक्कं नव्हे, ते फक्त जड.

मुंबईत कायदा कसा आला

आमचे काही साथी मोर्चाला मुंबईला गेले, तेव्हा गिरगाव, लालबाग, काळाचौकी या भागात त्यांनी टेकू लावलेल्या चाळी पाहिल्या. खालपासून वरपर्यंत टेकू आणि त्यामागे कपडे वाळत घातलेले. तिथं माणसं राहतात.

त्या चाळींची गोष्ट अशी. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जागच्या जागी थांबली. मालक म्हणाले, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणाले, घर तुझं, मी का करू? इमारती पडू लागल्या, माणसं मरू लागली. शेवटी १९६९ मध्ये सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. इमारतींवर उपकर बसवला, त्यांचे जुनेपणाप्रमाणे अ, ब, क असे वर्ग केले. १९४० च्या आधीच्या इमारती अ वर्गात, पुढची दहा वर्षं ब वर्गात, त्यानंतर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. अशा साडेएकोणीस हजारांच्या वर इमारती नोंदल्या गेल्या. पुढे ते काम म्हाडाकडे गेलं. पावसाळ्याआधी पाहणी होते, अतिधोकादायक इमारतींची यादी पेपरात छापून येते. त्यात कोणाची चाळ आहे ते सगळ्यांना वाचता येतं.

हे सगळं नीट चाललंय असं आम्ही म्हणत नाही. यादीत नाव येऊनही चाळी पडतात. पण फरक बघा. तिथं कायदा आहे, मंडळ आहे, वर्ग आहेत, यादी आहे. हे सगळं का मिळालं? तिथला भाडेकरू संघटित झाला, बोंबलला, मोर्चे काढले म्हणून. आपल्या आश्रमशाळांची अशी यादी पेपरात छापून आलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? आम्ही तरी नाही.

धोकादायक शिक्क्याची दुसरी बाजू

आता अवघड गोष्टीकडे येतो. आम्ही पाड्यापाड्यात हा विषय काढला तेव्हा काही आईबापांनी स्पष्ट सांगितलं, "पोरांनो, गप बसा. तुम्ही ओरडाल, साहेब येईल, धोका आहे म्हणून शाळाच बंद करील. मग पोर कुठं जाईल? निदान तिथं दोन वेळा जेवतं तरी." हे बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. वावर-वांगणीची आठवण अजून ताजी आहे. भूक काय असते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

ही भीती खरी आहे, आणि मुंबईत ती खरी ठरलीही आहे. महापालिकेच्या कायद्यात कलम ३५४ आहे. त्याखाली धोकादायक इमारत पाडायची नोटीस निघते. माणसाचा जीव वाचवायला ते कलम आहे. पण नोटीस लागली की भाडेकरूला संक्रमण शिबिरात जावं लागतं आणि तिथं वर्षामागून वर्ष जातात. जुन्या घराची जागा हातची जाते की काय, या भीतीने लोक मोडक्या चाळीतच चिकटून राहतात. म्हणजे एका बाजूला भिंत अंगावर पडायची भीती, दुसऱ्या बाजूला बेघर व्हायची. गरिबाला दोन भीतींतली एक निवडायला लावतात, आणि तो जुनी, ओळखीची भीती निवडतो.

आपलंही तेच होतं. आणि इथंच हा सवाल जमिनीचा होतो. बऱ्याच ठिकाणी आश्रमशाळेची जागा गावाने दिलेली आहे. कोणी चराईची सोडली, कोणी कसलेली सोडली, पोरं शिकतील म्हणून. उद्या इमारत धोकादायक ठरवून शाळा तालुक्याला नेली, तर ती जागा कोणाकडे जाणार? गावाकडे परत येणार, की कुंपण पडून कुठल्या खात्याचा बोर्ड लागणार? आपण याआधी जमिनी कशा गेल्या ते पाहिलंय. एका कागदावर अंगठा घेतात आणि दुसऱ्या कागदावर जमीन जाते.

म्हणून आमचं म्हणणं असं. गप बसणं हा उपाय नाही, आणि नुसतं "पाहणी करा" म्हणणंही पुरेसं नाही. पाहणी कोण करतो, कोणासमोर करतो आणि त्याचा कागद कोणाच्या हातात राहतो, हा खरा सवाल आहे. साहेबाने एकट्याने केलेली पाहणी दोन्हीकडे वापरता येते. मनात आलं तर "किरकोळ दुरुस्ती", मनात आलं तर "शाळा बंद". गावासमोर झालेली आणि गावात वाचलेली पाहणी अशी फिरवता येत नाही.

आम्ही इंजिनियर नाही, पण आंधळेही नाही

साहेब म्हणतील, तुम्हाला यातलं काय कळतं? थोडं कळतं. दर पावसाळ्याआधी घर तपासायची रीत आपली आहे. मेढ बुडाशी कुजली का, ते आपण कोयतीने टोचून बघतो. वाळवी लागली का, ते ठोकून आवाजावर ओळखतो. आढं वाकलं तर पोरांना त्या बाजूला झोपू देत नाही. कोणतं लाकूड किती पावसाळे टिकतं, ते आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. हे पाहणीचंच ज्ञान आहे.

पण सगळं कळतं असंही आम्ही म्हणणार नाही. काँक्रीटच्या पोटात सळई किती गंजली ते बाहेरून दिसत नाही. पाया खचतोय का, स्लॅबवर किती भार चालेल, हे इंजिनियरनेच सांगायला पाहिजे. सरकार त्याला त्याचाच पगार देतं. म्हणून दोघं पाहिजेत. गावाचे डोळे आणि इंजिनियरचं शिक्षण. एकाने दुसऱ्याला खोटं बोलू द्यायचं नाही.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक आश्रमशाळा, वसतिगृह, अंगणवाडी आणि दवाखान्याच्या इमारतीची दरवर्षी पावसाळ्याआधी पाहणी व्हावी. इंजिनियरने स्वतः यावं, कारकुनाला पाठवू नये.

२. पाहणीच्या दिवसाची दवंडी आधी द्यावी. पालक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि गावातला एक गवंडी किंवा सुतार सोबत असावा.

३. पाहणीचा कागद मराठीत, साध्या भाषेत लिहावा. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत गावात राहावी. ७३ वी घटनादुरुस्ती होऊन ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आहे. ती फक्त भाषणापुरती नको.

४. जी खोली धोक्याची ठरेल ती त्याच दिवशी रिकामी करावी. पोरांसाठी त्याच गावात पत्र्याची किंवा कुडाची पक्की सोय आधी करावी. शाळा आणि जेवण एक दिवसही बंद होऊ नये.

५. दुरुस्ती किंवा नवी इमारत त्याच जागेवर व्हावी. काही कारणाने ती झाली नाही तर जागा गावाला परत मिळेल, असं लेखी द्यावं.

६. पाहणीत खोटं लिहिणाऱ्याची आणि खराब काम करणाऱ्या ठेकेदाराची चौकशी व्हावी. ठेकेदाराचं नाव, खर्च आणि बांधल्याचं साल इमारतीवर पाटी लावून लिहावं.

आत्ताच काय करायचं

मागण्या मान्य व्हायची वाट बघत पाऊस थांबणार नाही. म्हणून प्रत्येक गावच्या तरुण साथींनी शाळा उघडल्यावर पहिल्याच रविवारी जाऊन पुढच्या गोष्टी कराव्यात.

भिंतीला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना कोळशाने खूण करून बाजूला तारीख लिहा. महिन्याने परत बघा. तडा खुणेच्या पुढे गेला असेल तर भिंत हलते आहे. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा तडा वाईट. नीट लागणारं दार अचानक अडकू लागलं तर तेही लिहून ठेवा. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धरा, भिंत कलली असेल तर दिसेल. स्लॅबला काठीने हलकं ठोका, पण बाजूला उभं राहून आणि पोरांना बाहेर काढून. पोकळ आवाज आला तर आतून सुटलंय. गच्चीवर पाणी तुंबतं का, भिंतीत पिंपळ-उंबर उगवलाय का, ते पाहा. लहान रोप असेल तर मुळासकट काढा. मोठं झालं असेल तर ओढू नका, भिंत सैल होईल, फक्त लिहून घ्या.

हे सगळं वहीत लिहा, तारीख घाला, खाली दहा पालकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. एक प्रत शाळेला द्या आणि पोचपावती घ्या, एक संघटनेकडे पाठवा. प्लॉटच्या लढाईत आपण शिकलो की तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं आणि पावती असली की साहेबाला उत्तर द्यावं लागतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवायची आणि तिथंच साहेबांच्या पाहणीचा कागद मागायचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. मग गाव ठरवील कोणाची पाहणी खरी.

आणि एक. एखादी खोली आजच धोक्याची वाटली तर ग्रामसभेची वाट बघू नका. त्याच रात्रीपासून पोरांना दुसरीकडे झोपवा. गावात ओटे आहेत, समाजघर आहे, आपली घरं आहेत. आधी पोरं, नंतर पत्रव्यवहार.

जिंदाबाद!